माजघरात अकाउंट्स

पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यापुढे म्हातारपणी तीन वाटा असतात. पहिली, तो आपणहून पडतो. त्याला एक बऱ्यापैकी पावसाळा आणि भाऊबंदांत चाललेला एक दावा एवढं पुरतं. दुसरी, तो पाडतात, आणि त्या जागी त्याच्याच नावाची पाच मजली सोसायटी उभी राहते. तिच्या गेटवर 'वाडा' हा शब्द सोनेरी अक्षरांत असतो आणि चौकाच्या जागी पार्किंग असतं. तिसरी वाट ऑफिसची. वाडा जागेवर राहतो, राहणारी माणसं कोथरूडला जातात आणि दरवाजाशेजारच्या भिंतीवर पाट्या चढू लागतात. एक सनदी लेखापाल, एक होमिओपॅथ, एक पतसंस्था, एक विवाह मंडळ आणि हटकून एक आर्किटेक्ट. आर्किटेक्ट मंडळींना वाड्यात बसून बाणेरच्या काचेच्या इमारतींचे नकाशे काढायला फार आवडतं. ते आलेल्या गिऱ्हाइकाला कडीपाट दाखवतात, भिंतीवर थाप मारून दाखवतात, 'एसी नाही, तरी बघा कसं गार आहे' म्हणतात, आणि त्याच्या स्वतःच्या ऑफिसला मात्र एकही उघडणारी खिडकी देत नाहीत.

माझी जवळजवळ सगळी नोकरी अशाच एका वाड्यात झाली. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण माझे पेन्शनचे कागद अजून त्यांच्याच ताब्यात आहेत. इतक्या वर्षांत माझी एका गोष्टीबद्दल खात्री पटली. वाड्याचं ऑफिस वगैरे काही होत नाही. वाडा बसल्या जागी थांबतो, ऑफिसला आत घेतो आणि त्याला आपल्या वळणावर आणतो. नवी सून घरात आली की पहिल्या वर्षी ती घर बदलायला बघते आणि पुढे आयुष्यभर 'आमच्याकडे असंच असतं' म्हणते, तसं ऑफिसचं होतं.

या वळण लावण्याची सुरुवात दारातच होते. वाड्याला दरवाजा मोठा असतो. हत्ती जाईल एवढा, असं प्रत्येक मालक सांगतो. पण तो उघडत नाही. उघडतो तो त्यातला दिंडी दरवाजा, आणि त्यातून सरळ उभा माणूस जात नाही. आधी मान लववायची, मग वीतभर उंच उंबरठ्यावरून पाय टाकायचा, आणि ही दोन्ही कामं एकदम करायची. शत्रूनं घुसताना मान पुढे करावी म्हणून ही रचना केली असं म्हणतात. पेशवाई गेल्यावर शत्रू येईनासे झाले, पण कुरिअरवाले, इन्स्पेक्टर आणि मुख्य कार्यालयातून आलेले अधिकारी यांना ती तितकीच लागू पडली. मुंबईहून तपासणीला आलेला मोठ्यातला मोठा माणूस आमच्याकडे कपाळ चोळतच यायचा आणि पहिला अर्धा तास नरमाईनं बोलायचा. 

मोठा दरवाजा का उघडत नाही, याचं कारण महापालिकेच्या पुराणात आहे. दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो. जुना खरवडून काढायची पद्धत फारशी नव्हती. वाडा बांधला तेव्हा लोक रस्त्यावरून पायऱ्या चढून आत जात, आमच्या काळी उतरून जात. दरवाजाची खालची कड रस्त्यात रुतलेली. तेव्हा हत्ती सोडाच, साहेबांचं टेबल आत येईना.

हे टेबल प्रकरण सांगायलाच हवं. नवे साहेब आले, त्यांनी सात फुटी, अर्धगोल, चकचकीत टेबल मागवलं. ते दिंडीतून आडवं येईना, उभं येईना, तिरकं केलं तर हमाल आत आणि टेबल बाहेर अशी स्थिती व्हायची. शेवटी शेजारच्या बोळातून, भिंतीवरून, दोरानं चौकात उतरवलं. तुळशीवृंदावनाशेजारी ते टेबल दोन दिवस राहिलं आणि त्यावर ऑफिसातल्या सगळ्यांनी डबे खाल्ले. कारण पुढे जिना होता. वाड्याचा जिना भिंतीच्या जाडीत लपवलेला असतो. अंधारा, खडा, एका वेळी एक माणूस, आणि आधाराला वरून सोडलेला दोर. त्यातून टेबल जाणं शक्य नव्हतं, म्हणून सुताराला बोलावून त्याचे करवतीनं दोन भाग केले आणि वर दिवाणखान्यात पुन्हा जोडले. पण दिवाणखान्याची जमीन खिडकीकडे उतरती. दोन अर्ध्यांत बोटभर पायरी राहिली. साहेबांनी सहीसाठी ठेवलेलं पेन डावीकडून निघायचं, मध्यावर टप्पा खायचं आणि थेट खिडकीशी जायचं. साहेब बदलीवर जाईपर्यंत त्यांना वाटत होतं की पेनं मामा पळवतात.

मामा म्हणजे आमचे शिपाई. ते बसायचे देवडीत. दिंडीतून आत आल्याबरोबर दोन्ही बाजूंना ज्या उंच ओट्याच्या खोबणी असतात, त्या देवड्या. तिथे पूर्वी पहारेकरी बसत, ढाल भिंतीला टेकवून झोपा काढत. संस्थेनं वाडा घेतला तेव्हा मामांना टेबलखुर्ची देऊन स्वागतकक्षात बसवायचं ठरलं होतं. ते महिनाभर तिथे बसले. मग एक दिवस देवडीत जाऊन मांडी घालून बसले आणि आवक-जावक रजिस्टरही तिथेच घेऊन गेले. कुणी काही बोललं नाही. कारण आलेला माणूस वाकून आत शिरताना पहिल्यांदा देवडीकडेच बघतो, ही गोष्ट वाडा बांधणाऱ्याला माहीत होती आणि आमच्या इंटिरियरवाल्याला नव्हती.

हळूहळू बाकीचंही असंच जागच्या जागी बसलं. ओसरीवर पूर्वी आले-गेले टेकायचे, तिथे बाकं टाकली आणि आले-गेले टेकू लागले. वरच्या दिवाणखान्यात पूर्वी मालक तक्क्याला टेकून बसायचे आणि निर्णय उद्यावर टाकायचे. तिथे साहेब बसले आणि बाकी तपशील बदलण्याची गरज पडली नाही. मधलं माजघर अंधारं, चारही बाजूंनी खोल्यांनी वेढलेलं. घरातले पैसे, दागिने आणि भांडणं पूर्वी तिथे असत. तिथे अकाउंट्स आलं. अकाउंट्सच्या मॅडमनी एकदा खिडकीजवळची जागा मागितली होती. मिळाली, पण आठ दिवसांत परत माजघरात आल्या. म्हणाल्या, "उजेडात आकडे नीट बसत नाहीत."

कोठीघरात पूर्वी वर्षाचं धान्य, चिंच, गूळ आणि लोणच्याच्या बरण्या असत आणि किल्ली सासूच्या कमरेला. तिथे रेकॉर्ड रूम झाली. किल्ली मामांच्या कमरेला. भिंतीत बळद होतं, म्हणजे धान्य साठवायची बेमालूम पोकळी. बाहेरून बघणाऱ्याला ती नुसती भिंतच दिसते. आमच्याकडची सगळी अडचणीची प्रकरणं त्यात गेली. माहितीच्या अधिकारात अर्ज आला की उत्तर जाई, 'सदर कागदपत्रे कपाटात आढळून येत नाहीत', आणि त्यात अक्षरही खोटं नसे.

देवघरात सर्व्हर बसवला. ठरवून नव्हे, वाड्यात एकच खोली अशी होती की जिच्यात पाणी गळत नव्हतं, उंदीर जात नव्हते आणि दाराला कुलूप होतं. सर्व्हर बसवणारा मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला की आत धूळ जाता कामा नये, चपला बाहेर काढा. मामांना त्यात काही नवीन वाटलं नाही. कोनाड्यात मॉडेम बसला. तो रात्रंदिवस लुकलुकायचा. दर दसऱ्याला त्याला झेंडूचं फूल वाहिलं जायचं, आणि नेट बंद पडलं की आमच्यातला सर्वांत नास्तिक माणूससुद्धा आत जाताना आवाज खाली आणायचा.

बाळंतिणीच्या खोलीचा प्रश्न बरेच दिवस सुटत नव्हता. ती खोली म्हणजे वारा नाही, उजेड नाही, आत जायला एकच दार. अखेर तिथे 'नवीन प्रकल्प विभाग' दिला. त्या विभागात नऊ महिने जाऊन काहीच बाहेर आलं नाही, तेव्हा एक चौकशी समिती नेमली गेली. तीही तिथेच बसायची.

हे सगळं सांगितलं की लोक म्हणतात, काय अवस्था झाली बघा वाड्यांची! कुठे ते थोरामोठ्यांचे निवास आणि कुठे हे फायलींचे ढिगारे. यात इतिहासाची गफलत आहे. पेशवाईतल्या वाड्याचा पुढचा चौक मुळात कचेरीचाच असे. पुढे कारभार, मध्ये कुटुंब, मागे चूल आणि गोठा. हा साधारण नेम. सरदाराचा वाडा असो की सावकाराचा, पुढच्या चौकात कारकून मांडी घालून, कलमदान शेजारी घेऊन मोडीत हिशेब लिहीत बसलेले असायचे. पहिल्या बाजीरावांनी १७३२ मध्ये शनिवारवाड्याची वास्तुशांत केली ती राहायला म्हणून, पण राज्याचा फड, म्हणजे कचेरी, तीही तिथेच आली. त्या फडावरच्या सर्वांत नावाजलेल्या माणसाचं खरं आडनाव भानू. पण बाळाजी जनार्दन भानूंना कुणी ओळखत नाही, नाना फडणीस म्हटलं की सगळे ओळखतात. ज्याचा हुद्दाच आडनाव होऊन बसला, त्याच्या घरात घर किती आणि कचेरी किती? नानांनी आपला वाडा बांधला तोही शनिवारवाड्याला लागूनच. कचेरीच्या इतक्या जवळ घर घेणारा माणूस घरी गेल्यावर काय करत असेल, हे नोकरदारांना वेगळं सांगायला नको. पुढे त्या नानावाड्यात शाळा भरली. नानांच्या दिवाणखान्यातल्या कोरीव खांबांखाली पोरं पाढे म्हणू लागली, म्हणजे हिशेब चालूच राहिले.

मध्ये सव्वाशे-दीडशे वर्षं वाड्यांत बिऱ्हाडं राहून गेली, त्यामुळे आपला समज झाला की वाडा म्हणजे घर. माझ्या मते उलटं आहे. वाडा मुळात ऑफिस, त्यात मधल्या काळात काही कुटुंबं राहून गेली. काहींनी अजून ताबा सोडलेला नाही, एवढंच.

याचा उत्तम दाखला लक्ष्मी रोडजवळ, भर गर्दीत उभा आहे. विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोनेक लाख रुपये खर्चून तो बांधला. तीन चौक, रस्त्याकडे कोरीव लाकडी सज्जा, सुरूच्या झाडाच्या आकाराचे सागवानी खांब, त्यांच्या माथ्याला केळफुलं. हौसेनं बांधला आणि जेमतेम दशकभर राहिले. १८१८ मध्ये राज्यच गेलं आणि बाजीरावांची रवानगी वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर उत्तरेत बिठूरला झाली. म्हणजे घर म्हणून या वाड्याचं आयुष्य आमच्या साहेबांच्या नोकरीपेक्षाही कमी. त्यानंतर तो जो कामाला लागला तो लागलाच. १८२१ मध्ये एल्फिन्स्टन साहेबांनी दक्षिणा निधीतून तिथे संस्कृत पाठशाळा काढली. तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. मग सरकारी कार्यालयं आली, पोस्ट आलं, आणि विसाव्या शतकात पुण्याची नगरपालिका आपलं सगळं दप्तर घेऊन तिथेच नांदली. १९५० मध्ये तिची महापालिका झाली तीही वाड्यात राहूनच. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ती नदीपलीकडे शिवाजीनगरला स्वतःच्या इमारतीत गेली. घरात राहिलेल्या माणसांपेक्षा रांगेत उभी राहिलेली माणसंच या वाड्यानं किती तरी जास्त बघितली असणार. 

वाड्यातल्या ऑफिसच्या इतिहासातलं सर्वांत झणझणीत प्रकरणही इथलंच. मे १८७९ मध्ये एका रात्री पुण्यात दोन वाडे पेटले. एक बुधवारवाडा आणि दुसरा हा विश्रामबाग. दोन्ही पेशव्यांचे, दोन्हींत सरकारी दप्तरं. बुधवारवाडा खाक झाला, विश्रामबागचा पुढचा भाग गेला. त्या दिवसांत वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड चालू होतं, त्यामुळे इंग्रज सरकारला यात राजद्रोहाचा वास आला. निघालं भलतंच. बुधवारवाड्यातल्या सरकारी पुस्तकांच्या डेपोत नोकरीला असलेल्या माणसानं केलेली अफरातफर झाकण्यासाठी आग लावल्याचं समोर आलं. हिशेब जुळेना, म्हणून वाडा जाळला! सरकार क्रांती शोधत होतं आणि सापडला कारकून. पुढे लोकांनी आणि नगरपालिकेनं हातभार लावून विश्रामबागचा दर्शनी भाग पुन्हा बांधला. आमच्या मॅडमना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या मार्चअखेरीच्या कामात होत्या. त्यांनी कडीपाटाकडे एकदा नजर टाकली आणि म्हणाल्या, "सागवान आहे हो. सहज नाही पेटायचं."

असे वाडे एकट्या पुण्यातच कामाला लागले असंही नाही. साताऱ्याच्या राजवाड्यात शाळा भरली. भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाचं नाव १९०० मध्ये त्याच शाळेत घातलं गेलं. शेजारीच न्यायालयही बसायचं. नाशिकला तर पेशवेकालीन वाड्याला 'सरकारवाडा' असंच नाव पडलं आणि पुढे त्या नावाचं पोलीस ठाणं झालं. नाशिककर आजही 'सरकारवाड्यात नेलं' म्हणतो तेव्हा पाहुणचाराची अपेक्षा नसते. पुण्यातल्या न्यू इंग्लिश स्कूलचा पहिला वर्ग १८८० मध्ये भरला तो मोरोबादादांच्या वाड्यात. आणि टिळकांनी १९०५ मध्ये सयाजीराव गायकवाडांकडून वाडा घेतला तेव्हा तिथे घर, छापखाना, 'केसरी'ची कचेरी आणि गणपती असं सगळं एकत्र आणलं. त्याला आजकाल 'वर्क फ्रॉम होम' म्हणतात. 

तेव्हा वाडा आणि ऑफिस यांचं मुळात जमतं. जमत नाही ते ऑफिसबरोबर येणाऱ्या सामानाचं. वाड्याच्या भिंती हात-दीड हात जाड. खाली दगडी जोतं, वर वीट, आत पांढरी माती. उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की बाहेरचा एप्रिल बाहेरच राहतो. पण वायफायही बाहेरच राहतं. माजघरात नेट यावं म्हणून दर दहा पावलांवर एक डबी बसवावी लागली. डबी बसवायला खिळा, आणि वाड्याच्या भिंतीत खिळा ठोकण्यासारखी दुसरी फसवणूक नाही. खिळा एका ठोक्यात कौतुकानं आत जातो, दुसऱ्या ठोक्याला बोट आत जातं, तिसऱ्याला भिंत सांडायला लागते. वाटीभर, मग घमेलंभर माती येते. कॅलेंडर लावायला निघालेला माणूस संध्याकाळी गवंड्याच्या घरचा पत्ता विचारत फिरतो. त्यामुळे आमच्याकडे सगळं खुंटीला टांगलेलं असे. मूळ मालकाच्या पगड्यांसाठी बसवलेल्या खुंट्यांना आमच्या छत्र्या, डबे, आणि एका खुंटीला कायमचं अग्निशामक यंत्र.

वरचा कडीपाट दिसायला देखणा. तुळया, त्यावर कड्या, त्यावर फळ्या, त्यावर माती, आणि त्या मातीवर वरच्या मजल्यावरचे लोक चालतात. प्रत्येक पावलाला खालच्या फायलीवर चिमूटभर माती. त्यामुळे कुठलं प्रकरण किती दिवस पडून आहे हे तारखेवरून बघायची गरज नसे, बोट फिरवलं की कळे. साहेब जागेवर आहेत की नाहीत, हेही खालच्या चहाच्या कपात दिसायचं.

पण वाड्यातल्या ऑफिसचं खरं राजकारण खांबांत असतं. दर पाच-सहा हातांवर खांब. खाली दगडी तळखडा, वर कोरीव हस्त. इंटिरियरवाल्यानं कागदावर ओळीत टेबलं मांडली तेव्हा खांब धरलेच नव्हते. प्रत्यक्षात काही टेबलं खांबाच्या पुढे आली, काही मागे. खांबाच्या पुढे बसलेला माणूस साहेबांच्या नजरेत. त्याला कामं मिळायची, चुका सापडायच्या, कधीमधी बढतीही मिळायची. खांबामागे बसलेला माणूस सुखी. माझी जागा खांबामागे होती. ती मला आधीच्या माणसाकडून मिळाली आणि त्याला त्याच्या आधीच्याकडून. त्या खांबाला एका बाजूनं इतक्या पिढ्यांच्या पाठी घासल्या होत्या की तिथलं नक्षीकाम नाहीसं होऊन लाकडाला आरशाची झिलई आली होती. एक इतिहासाचे प्राध्यापक वाडा बघायला आले असताना त्या झिलईवर हात फिरवून 'ही कोणती कारागिरी?' असं विचारून गेले.

मालक काका मागच्या चौकात राहायचे. त्यांचं आणि संस्थेचं भाड्यावरून भांडण होतं. भांडण रास्त होतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं जुनी भाडी जवळजवळ जागच्या जागी गोठवली आणि वाड्यावाड्यांत मालक गरीब, भाडेकरू निवांत अशी व्यवस्था झाली. आमचं भाडं इतकं होतं की त्यात काकांचा महिन्याचा चहा निघाला असता, दुधाचा प्रश्न राहिला असता. भाडं घेतलं तर आमचा हक्क मान्य केल्यासारखं होईल म्हणून काका ते हातात घेत नसत. आणि दिलं नाही असं होऊ नये म्हणून संस्था ते मनिऑर्डरनं पाठवी. पुढच्या चौकातून निघालेली रक्कम पोस्टात जाई, शिक्के खाई, दोन दिवसांनी मागच्या चौकात येई, काका 'घेण्यास नकार' असं लिहून देत आणि पोस्टमन तीच रक्कम घेऊन तुळशीला वळसा घालून पुन्हा पुढच्या चौकात येई. हे दर महिन्याला. पोस्टमनचा चहा मात्र दोन्हीकडे होई. काका आणि आमचे साहेब रोज संध्याकाळी ओसरीवर क्रिकेटबद्दल बोलत बसत. कोर्टात ते एकमेकांचे वैरी होते, पण कोर्ट पाचला सुटतं.

एका पावसाळ्यात मागची भिंत फुगली. १९६१ च्या जुलैत पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठचे किती तरी वाडे चिखल होऊन बसले होते, ती आठवण काकांच्या पिढीला पक्की. दुरुस्ती मालकानं करायची की भाडेकरूनं, यावर दोन वर्षं गेली. मग कळलं की वाडा वारसा यादीत आहे, सिमेंट चालणार नाही, चुनाच हवा. सल्लागार आले. तरुण, जाड भिंगाचे, वाड्याला 'हा' न म्हणता 'हे स्ट्रक्चर' म्हणणारे. त्यांनी सांगितलं, चुना आधी भिजत घालायचा, मुरवायचा, मग त्यात गूळ, मेथी आणि उडदाचं पाणी मिसळायचं. जुन्या लोकांची कृती आहे, भिंत श्वास घेते. आम्ही मान डोलावली. मामा बाजारात गेले आणि सामान घेऊन आले. व्हाउचर माजघरात पोहोचलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं. गूळ, मेथ्या, उडीद डाळ. कारण: मागची भिंत. त्यांनी चष्मा वर केला आणि सगळ्या सोप्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मामा, भिंत बाळंत झाली का हो?"

पुढे लेखापरीक्षकांनीही हरकत घेतलीच. 'बांधकामास खाद्यपदार्थ कसे लागले, याचा खुलासा व्हावा.' खुलासा गेला. त्यावर त्यांचा प्रतिशेरा आला, 'उरलेल्या गुळाचा हिशेब जोडावा.' उरलेल्या गुळाचा हिशेब मुंग्यांकडे होता. तोवर भिंत मात्र मस्त उभी राहिली. चार महिने तिच्या आसपास चुन्याचा वास यायचा, आणि काकांच्या आई, म्हणजे आजी, तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायच्या. त्यांचं लग्न होऊन त्या या वाड्यात आल्या तेव्हा पुढच्या चौकात वकिली चालायची. त्याआधी सासऱ्यांची सावकारी. मी त्यांना एकदा विचारलं, "आजी, घरात ऑफिस आलं याचं वाईट नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "कसलं वाईट? तेव्हाही पुढे माणसं दिवसभर बसायची आणि कामं व्हायची नाहीत. फक्त तेव्हा चहा आम्हाला करावा लागायचा."

अखेर संस्थेला बालेवाडीला जागा मिळाली. काचेची इमारत, नववा मजला, एकही खांब नाही, एकही भिंत नाही. सगळे एका पातळीवर, सगळे सगळ्यांना दिसणार. उद्घाटनाला पाहुणे म्हणाले की आता पारदर्शकता येईल. पहिल्या आठवड्यात फायलींची कपाटं आली. ती कुठे ठेवायची हे कुणी सांगितलं नव्हतं, तेव्हा ज्यानं त्यानं आपल्याला सोयीच्या जागी उभी केली. महिनाभरात मध्यभागी चारही बाजूंनी कपाटांनी वेढलेली एक अंधारी जागा तयार झाली होती आणि आत दिवा लावून मॅडम बसल्या होत्या. स्टेशनरीच्या कपाटाची किल्ली मामांच्या कमरेला गेली. सर्व्हरच्या खोलीबाहेर चपलांची ओळ लागली. लिफ्टमधून बाहेर पडल्याबरोबर डावीकडे कुंडीसाठी एक ओटा होता. कुंडी खाली आली, मामा वर बसले. साहेबांना कोपऱ्यातली केबिन हवी झाली, तिला दार आणि दाराला दोन इंचाची चौकट. तिला ठेचकाळून लोक आत जाऊ लागले. नवीन प्रकल्प विभागाला जिन्याखालची बिनखिडकीची खोली मिळाली. कुणी ठरवलं नव्हतं. एकच अडचण होती ती माझी. खांब नव्हता. मी काही दिवस झेरॉक्सच्या यंत्रामागे काढले आणि निवृत्त झालो.

परवा मामा भेटले. म्हणाले, जुन्या वाड्यात कोवर्किंगवाले आलेत. मालक काकांच्या मुलानं संस्थेकडून ताबा मिळवला, वाडा झाडूनपुसून घेतला आणि खुर्च्या महिन्याच्या बोलीनं भाड्यानं देतो. मामा सहज बघायला गेले होते. दिंडीतून वाकून आत गेले, देवडीकडे नजर गेली. तिथे एक मुलगी लॅपटॉप घेऊन मांडी घालून बसली होती आणि आल्यागेल्याची नोंद करत होती. चौकात मुलं टेकली होती. त्या मालकपुत्रानं मामांना सगळं फिरवून दाखवलं. माजघर म्हणजे 'फोकस झोन'. बाळंतिणीची खोली 'स्टार्टअपसाठी'. आणि दिवाणखान्यातल्या त्या गुळगुळीत खांबामागची जागा सर्वांत महाग. तिथे कुणाची नजर पडत नाही, शांतता असते, पाठ टेकायला लाकूड आहे. तिला ते 'प्रीमियम सीट' म्हणतात आणि तिच्यासाठी प्रतीक्षायादी आहे.

मी खूश झालो. मामा मात्र गंभीर होते. म्हणाले, "साहेब, म्हणजे तुम्ही सगळी नोकरी प्रीमियममध्ये काढलीत. हे अकाउंट्सच्या मॅडमना कळू देऊ नका. मागल्या तारखेपासून वसूल करतील."